बोगद्याची ओटी

आमच्या घरात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे आहे. ते मला कुणी दिलेलं नाही. बाकीच्यांना मराठीत चार वाक्यं सलग बोलायचा कंटाळा, म्हणून ते आपसूक माझ्याकडे आलं. माझीही मराठी फार सोवळी नाही. आईबाबा अकोल्याकडचे आणि मी वाढले जयपुरात, त्यामुळे वऱ्हाडातलं ‘काऊन’ आणि इथलं ‘मतलब’ माझ्या एकाच वाक्यात शेजारी बसतात आणि भांडत नाहीत. भावाची मुलं सुट्टीत आली की मी त्यांना बोगद्याची गोष्ट सांगते. आजोबांनी बोगदा कसा फोडला, पाणी कसं आलं, आजीनं ओटी कशी भरली. इथवर आलं की मी घाईघाईनं उठते आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायला स्वयंपाकघरात जाते. मुलांना वाटतं गोष्ट संपली. ती टाळ्याही वाजवतात. पुढचं सांगायला माझ्यासारख्या बडबडीचंही तोंड उघडत नाही, म्हणून ते लिहून ठेवते आहे.

त्या वेळी छोटी लाईन, म्हणजे मीटरगेज, होती. अकोल्याहून निघालेली ती लाईन खंडवा, रतलाम, अजमेर करत करत जयपूरला पोचायची आणि तिच्यावरून आमच्यासारखी कितीतरी वऱ्हाडी कुटुंबं बदलीत वाहत इकडे आली. बाबा रुळांच्या गँगवर मिस्त्री होते. त्यांची हद्द जयपूरजवळच्या बस्सीच्या बाजूची, म्हणून आमचं क्वार्टरही तिकडेच, एका लहानशा स्टेशनाच्या पाठीमागे. दोन खोल्या, पुढे एक कडुनिंब, आणि त्या कडुनिंबावर सबंध मुलुखातले मोर झोपायला येत. पहाटे मोर ओरडायचे, मग गँगमन रुळावर हातोडे मारत निघायचे, मग आईच्या भाकरी थापण्याचा आवाज. बाबा जेवायला बसले आणि गाडी गेली, की त्यांचा घास हातातच थांबायचा. गाडी सांध्यावरून जाताना चाकं कशी बोलतात त्यावरून ते सांगायचे, “मोरीपाशी खडी बसली. पाणी मुरून राहिलं तिथं.” आणि उरलेलं जेवण त्यांचं मनानं त्या रुळाखालच्या मोरीपाशीच व्हायचं.

पाणी हा बाबांचा जन्माचा वैरी. रुळाखाली पाणी थांबलं की रूळ खचतो, रूळ खचला की गाडी पडते. त्यामुळे पाण्याला कुठेही बसू द्यायचं नाही, चर काढायचा, वाट करून द्यायची आणि हद्दीबाहेर घालवायचं, एवढंच शास्त्र त्यांना येत होतं आणि ते त्यांना उत्तम येत होतं. ही विद्या ते घरीही आणत. आमची मोरी अशी उताराची, की आंघोळीला पाट मांडला तर तो माणसासकट दाराकडे निघे. तुळशीच्या कुंडीला त्यांनी इतकी भोकं पाडली होती, की आई वैतागून म्हणायची, “या मानसाच्या घरात तुळशीच्या बुडी बी पानी ठरत नाई, मायबाई.”

ग्यारसीबाई आम्हांला दूध घालायची. क्वार्टरच्या मागे थोडं चाललं की डोंगराच्या पायथ्याशी तिची ढाणी होती. ढाणी म्हणजे शेतातली वस्ती. चार घरं, एक विहीर, काही म्हशी. ग्यारसीबाई हाडापेरानं मजबूत, आवाजानं त्याहून मजबूत. तिचा नवरा रामधन तिच्या मागून चालायचा आणि तिनं बोललेल्या प्रत्येक वाक्याला “हाँ तो” म्हणायचा. आईची आणि तिची मैत्री भांडणातून झाली. तिनं एकदा गोवऱ्यांच्या आरात भाजलेल्या बाट्या आणल्या. आई पाहून म्हणाली, “अवो, हे तं आमचे रोडगे होत!” ग्यारसीबाईला राग आला. बाटी ही राजस्थानची, तुमच्याकडे कशी असेल? आईनं पुढच्या रविवारी रोडगे केले, वांग्याची भाजी केली, वरण केलं, आणि तिला बसवून खाऊ घातलं. ग्यारसीबाईनं भरपूर तुपात चुरून सगळे खाल्ले, तोंड पुसलं आणि निकाल दिला, “बाटी ही छै. बस, थोड़ी रूठ्योड़ी छै.” म्हणजे बाटीच आहे, जराशी रुसलेली. त्या दिवसापासून आमच्या घरात रोडग्यांना रुसलेली बाटी म्हणतात. आजही मी जयपूरच्या तिलक नगरातल्या फ्लॅटमध्ये गॅसच्या तंदूरमध्ये रोडगे करते तेव्हा ते रुसलेलेच होतात, पण त्यात तुपापेक्षा माझाच दोष जास्त.

ढाणीच्या अंगावरून एक जुना कालवा गेलेला होता. कुण्या राजाच्या काळात डोंगरापलीकडच्या बांधातून, म्हणजे धरणातून, पाणी आणायला तो काढला होता म्हणत. दगडी काठ, मधे वाळू आणि वाळूत आक, म्हणजे रुई, माजलेला. ढाणीपाशी कालवा सरळ डोंगरात शिरायचा, बोगद्यात. तोंडावर सुंदर कमान होती, पण कमानीखाली छतातले दगड पडून, त्यावर गाळ बसून सगळं गच्च झालेलं. वरच्या फटीतून संध्याकाळी वटवाघळं निघायची. आम्हां पोरींना तिथे जायची बंदी, म्हणून आम्ही तिथेच जायचो. फटीला कान लावला की आत फार लांब काहीतरी टपटपायचं. मी मैत्रिणींना सांगायचे, आत राणी रडते. त्याही वयात माझं गोष्टींचं खातं चालू होतं, आणि त्याही वयात माहिती चुकीची होती.

एका उन्हाळ्यात ग्यारसीबाईचं दूध बंद झालं. विहिरीचं पाणी तळाला गेलं होतं. बादली खडकावर घासायची आणि तो आवाज आमच्या क्वार्टरपर्यंत यायचा. पुढचा पाऊसही जेमतेमच झाला. ग्यारसीबाई आमच्या ओट्यावर बसून आईला म्हणाली, की अजून एक असा उन्हाळा आला तर म्हशी विकाव्या लागतील आणि ढाणी सोडावी लागेल. तिचा भाचा जयपूरच्या विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात कुठल्याशा कारखान्यात होता. त्याच्याकडे जावं लागेल. रामधन “हाँ तो” म्हणाला नाही. तेव्हा आम्हांला गोष्टीचं गांभीर्य कळलं.

बाबा ऐकत होते. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. ते रामधनला घेऊन डोंगरावर चढले आणि खाली आले ते उड्या मारतच. डोंगरापलीकडे त्यांना हिरवीगार शेतं दिसली होती. बाबांचा हिशोब सरळ होता. पलीकडे शेतं हिरवी, मतलब कालव्याला पाणी. अलीकडे कोरडं, मतलब बोगदा तुंबलेला. रामधन म्हणाला, “उधर उतरके देख आवें?” बाबा म्हणाले, “काय पाहायचं? दिसून तर राहिलं.” आता विचार करते तेव्हा वाटतं, यात रेल्वेच बोलत होती. रेल्वेत प्रत्येक गँगची हद्द ठरलेली. हद्दीच्या दगडापलीकडे दुसरी गँग बघते, आपण तिकडे पाहायला जायचं नाही. तो दुसऱ्या मिस्त्रीचा अपमान. पलीकडचा कालवा पलीकडचं कुणीतरी बघत असणारच, असं बाबांनी मनोमन धरलं होतं. जन्मभर त्यांच्या पलीकडे कुणीतरी होतंच.

दिवाळी झाल्यावर दर रविवारी काम सुरू झालं. बाबांच्या गँगमधला कजोड आणि आणखी काही जण आपणहून आले. ढाणीतली माणसं होतीच. पहारी, फावडी, घमेली. आई आणि ग्यारसीबाई एकाच चुलीवर रोडगे आणि बाट्या भाजायच्या आणि कुठला कुणाचा यावरून हुज्जत घालायच्या. मी दहावीत होते आणि गणितात माझं काही खरं नव्हतं, त्यामुळे मी देशसेवेला वाहून घेतलं. माझं काम चहा देणं. पण मी बाबांची जुनी टोपी घालून दगडावर उभी राहायचे आणि “चलो भैया, ज़ोर लगाके!” असं ओरडायचे. कजोड एकदा फावडं टेकून म्हणाला, “मिस्तरीजी, इस छोरी को ही अंदर ठूँस दो, नहर डर के चल पड़ेगी.” सगळे हसले. बाबाही हसले. ते हसताना मी फार कमी पाहिले होते. त्या हिवाळ्यात ते दर रविवारी हसायचे.

निघालेला गाळ काळा, चिकट, लोण्यासारखा. रामधननं तो हातात घेऊन वास घेतला आणि म्हणाला, हे तर सोनं आहे. ढाणीतल्या लोकांनी तो घमेल्या-घमेल्यांनी नेऊन शेतात पसरला. दगडांच्या सांदींत हात घालून त्यांनी तळाशी बसलेलाही, हात पोचेल तिथवरचा खरवडून आणला. जसजसं आत जावं तसतसे दगड ओले लागायला लागले. मग एक बेडूक निघाला. बाबांनी तो बेडूक हातावर घेऊन सगळ्यांना दाखवला. “पाहा! पलीकडून पाणी ढकलून राहिलं!” ग्यारसीबाईनं बेडकाला हात जोडले.

होळीच्या आधी बाबांनी शेवटचा दगड हलवायचं ठरवलं. सगळ्यांना बाजूच्या काठावर चढवलं, स्वतः एका अंगाला उभे राहिले, आणि रुळाच्या भरावातून पाणी काढतात तसं अगदी बुडाशी पहार घातली. दगड हलला. आधी एक धार आली, मनगटाएवढी. मग आतून घुमल्यासारखा आवाज झाला आणि दगडासकट पाणी बाहेर पडलं. गढूळ, गार, शेवाळाच्या वासाचं पाणी कमानीतून निघून कालव्याच्या वाळूत धावायला लागलं. मी टोपी उडवून ओरडले, “पाणी आलं!” माझाच आवाज पहिला होता, हे कजोडही पुढे सांगायचा.

मग जे झालं ते मुलांना मी रंगवून सांगते आणि त्यात खोटं काही नाही. म्हशी कालव्यात उतरल्या. रामधन आयुष्यात पहिल्यांदा बायकोच्या आधी बोलला. तो म्हणाला, “आयगो!” म्हणजे आलं, आलं. बायका गाणी म्हणायला लागल्या. आई धावत क्वार्टरवर गेली आणि ताम्हन घेऊन आली. आमच्याकडे नदीची ओटी भरतात. ही नदी नसली तरी पाहुणी होती. आईनं खण, नारळ, तांदूळ, हळकुंड घेतलं. ग्यारसीबाईला म्हणाली, “तू बी ये व, तुह्या दारी आली हे.” दोघी घोटाभर पाण्यात उभ्या राहिल्या. आईनं पाण्याला हळदकुंकू वाहिलं, खणनारळ सोडला, आणि माहेरवाशिणीला म्हणतात तसं म्हणाली, “ये माय, राह्य आता इथंच.” नारळ डुलत डुलत कालव्यातून पुढे गेला. आम्ही काठानं त्याच्याबरोबर पळत गेलो.

तो रस्त्याजवळच्या वळणाशी वाळूत अडकला. पाणी त्याच्याही थोडं पुढे जाऊन वाळूत जिरत होतं. बाबा म्हणाले, “वाळू तहानली हे. एकदा भिजली का पुढे चालेल.” दुसऱ्या दिवशी सकाळी धार निम्म्यावर आली होती. बाबा म्हणाले, आत कुठंतरी दगड आडवा आला असेल. त्याच्या दुसऱ्या दिवशी धार करंगळीएवढी झाली आणि बोगद्यात पाहिलं तर आरपार, पलीकडच्या टोकाला, उजेडाची एक कवडी दिसली. आम्ही त्याचाही जयजयकार केला.

दगड काढायला म्हणून बाबा आणि कजोड आत गेले. मी हट्टानं मागोमाग. चिखल घोट्यापर्यंत, भिंतींवर छातीएवढ्या उंचीवर पाण्याची ओली रेघ. आडवा दगड कुठेच नव्हता. चालत चालत पलीकडच्या तोंडाशी आलो. तिथे नुसती माती भरली होती, वर हातभर फट. कजोडनं ती फावड्यानं मोठी केली आणि आम्ही एकामागून एक बाहेर निघालो ते मोहरीच्या शेतात. पिवळ्याजर्द मोहरीतून अंगभर चिखल माखलेली तीन माणसं जमिनीतून उगवलेली पाहून शेताचा मालक हातातला विळा धरून तसाच उभा राहिला.

“आप लोग निकले कहाँ से?”

बाबांनी विचारलं, “नहर किधर है?”

“कौनसी नहर?” मग त्याला आठवलं. “अच्छा, वो. वो तो हमारे दादा ने जोत दी थी. आप उसी पे खड़े हो.” म्हणजे त्याच्या आजोबांनीच कालवा नांगरून शेतात घेतला होता.

मागे बोअरची मोटर धडधडत होती. सगळी हिरवळ त्या मोटरीची. बांधही कधीच आटला होता, म्हणाला, तिथे आता पोरं क्रिकेट खेळतात. त्यानं आम्हांला गूळ दिला. चांगला माणूस होता.

परत येताना बाबा पुढे चालत होते. बोगद्याच्या मधोमध थांबले. छताच्या दगडांतून थेंब पडत होते. एक पडायचा, मग पुष्कळ वेळानं दुसरा. बाबांनी हात पुढे केला आणि तळहातावर थेंब झेलत उभे राहिले. त्यांना कळलं तेव्हा मला दिसलं. माणसाच्या खांद्यांवरून कळतं. डोंगर पिढ्यान्‌पिढ्या असा झिरपत होता. दोन्ही तोंडं बुजलेली, तळाला गाळाचं चिकट अस्तर, आणि आत ते पाणी कोंडून राहिलेलं. त्यातूनच पाझरून ढाणीची विहीर जगत होती.

“हे टाकं होतं, पोरी,” बाबा म्हणाले. “आपण टाकं फोडलं.”

कजोड म्हणाला, “मिस्तरीजी, किसको पता था.” आणि खरंच कुणालाच माहीत नव्हतं. रामधनला नाही, ग्यारसीबाईला नाही, गुळवाल्या शेतकऱ्याला नाही. माहीत असलेला एखादा म्हातारा कोपऱ्यात बसलेला असता तर निदान त्याचं ऐकलं नाही म्हणून हळहळता तरी आलं असतं.

विहीर उन्हाळा लागायच्या आधीच आटली. बादली घासल्याचा आवाजही बंद झाला. बाबांनी कमानीखाली दगड रचले, सिमेंट मारलं, वाळूच्या गोण्या लावल्या. पाणी घालवायचं त्यांना सगळं येत होतं, धरून ठेवायचं काहीच येत नव्हतं. पावसाळ्यात आत थोडं साचलं की खालून निघून जायचं, कारण तळाचा गाळ आता शेतांवर होता. त्या वर्षी ढाणीतलं जवस मात्र अमाप आलं. रामधननं आम्हांला पोतंभर आणून दिलं. आईनं त्याची चटणी केली आणि ती कुणी खाल्ली नाही. बाबा सुट्टीच्या दिवशी एकटेच तळ्यातली चिकणमाती पाटीत भरून आणायचे आणि बोगद्यात हातानं लिंपत बसायचे. बोगदा डोंगराएवढा, पाटी ती पाटी. आई सांगून थकली. मीही टोपी घालून मदतीला गेले, पण “चलो भैया” ओरडायला कुणी नव्हतं.

दसऱ्याच्या सुमारास ढाणीवर ट्रॅक्टरची ट्रॉली आली. म्हशी आधीच गेल्या होत्या. बाबा मला म्हणाले, चल. वाटेत म्हणाले, “आज ते मले बोलतीन. बोलू दे. तू मधी पडू नको.” मला वाटतं त्यांना बोलणी खायचीच होती, ते दाढीसुद्धा करून निघाले होते. ट्रॉलीत खाटा, कणगी, चाऱ्याची कुट्टी कापायचं यंत्र चढलं होतं. ग्यारसीबाई उंबऱ्यात उभी होती. बाबांनी हात जोडले आणि इतके दिवस पाठ केलेलं हिंदी वाक्य सुरू केलं, “बाई, हमारे हाथ से...” आणि तिथेच अडकले.

ग्यारसीबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या आवाजात नेहमीचा जोर नव्हता. “बैठो, मिस्तरीजी. पाणी तो पी’र जावो.”

“नहीं, प्यास नहीं है.”

“म्हाँका घर सूं कोई तिसायो कोनै गयो,” ती म्हणाली. आमच्या घरून तहानलेलं कुणी गेलेलं नाही. हे ती टोचायला म्हणाली नव्हती. तिच्याकडे पाहुणा आला की ती हेच म्हणायची.

घरात एकच मडकं उरलं होतं. ते पाणी ती स्टेशनच्या नळावरून डोक्यावर घेऊन आली होती, म्हणजे आमच्याच दारावरून. तिनं लोटा भरला आणि बाबांच्या हातात दिला. बाबा उभ्यानंच प्यायले. थांबून थांबून, पण सगळं. लोटा खाली केला तेव्हा तिनं विचारलं, “और ल्यो?” मडक्यात फार नव्हतं, ते आम्हांला दिसत होतं. रामधन ट्रॉलीवरून म्हणाला, “हाँ तो.”

बाबांनी लोटा परत पुढे केला.